अमेरिकी बास्केटबॉलमधील लॅरी ब्राऊन यांनी इतके संघ सोडले, तरी त्यांना थोर प्रशिक्षक का मानतात?

आपल्या प्रश्नाचा रोख त्यांच्या चंचलपणावर आहे आणि तो अगदीच गैर नाही. १९७२ मध्ये कॅरोलिना कूगर्स या संघापासून प्रशिक्षक झालेल्या ब्राऊन यांनी एनबीए या व्यावसायिक लीगचे नऊ संघ आणि तीन विद्यापीठे सांभाळली. त्यांतला सर्वांत लांब मुक्काम फिलाडेल्फियातला, तोही सहाच वर्षांचा.

मात्र जेथे ते गेले, तेथे बहुधा मोडकळीला आलेला संघ असे. सॅन अँटोनियोने त्यांच्या पहिल्या हंगामात ८२ पैकी २१ सामने जिंकले, तर पुढच्या हंगामात ५६. (त्याच वर्षी डेव्हिड रॉबिन्सन नौदलातून संघात आला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.) २००४ मध्ये ब्राऊन यांच्या डेट्रॉइटने शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्या लेकर्सला अंतिम मालिकेत ४-१ असे हरवले, तेव्हा डेट्रॉइटच्या संघात या दोघांच्या तोडीचे वलय असलेला एकही खेळाडू नव्हता. बचाव, पास आणि मोकळ्या भिडूचा शोध, एवढ्यावर ते विजेतेपद उभे होते.

हे मला पटते, कारण बेळगावात शाळेत असताना धारवाडकडून बदलून आलेल्या आमच्या सरांनी हेच शिकवले. पाच पास झाल्याशिवाय बास्केटकडे चेंडू टाकला की शिट्टी वाजे आणि ‘मोदलु पास, आमेले शॉट’ (आधी पास, मग शॉट) अशी कानडीत तंबी मिळे. पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरे. ते खराट्याने खरवडतानाही सर पासांविषयीच बोलत. तीन वर्षांनी त्यांची पुन्हा बदली झाली, पण पास मोजायची सवय आम्हाला लागून गेली होती.

तरीही ब्राऊन यांचे सगळेच जाणे मला सारखे वाटत नाही. न्यूयॉर्क निक्समध्ये पहिल्याच हंगामात २३ विजय आणि ५९ पराभव झाले व त्यांना काढण्यात आले. तो साधा अपयशाचा हिशेब होता. कॅन्सस विद्यापीठाचे तसे नाही. १९८८ मध्ये डॅनी मॅनिंग या खेळाडूच्या जोरावर त्यांनी तेथे विद्यापीठांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि लगेच सॅन अँटोनियो गाठले. पुढे त्यांच्या काळातील नियमभंगाबद्दल विद्यापीठाला शिक्षा झाली, आणि मागे राहिलेल्या मुलांना १९८९ च्या स्पर्धेत आपले विजेतेपद राखण्यासाठी उतरताच आले नाही. त्या एका जाण्याला चंचलपणा म्हणणेही मला सौम्य वाटते.