संध्याकाळी नारळाची सावली सोलर पॅनेलवर येते. ऑप्टिमायझर (पॅनेलमागे बसून त्याची वीज वेगळी जुळवणारं उपकरण) घ्यावेत की मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनेलचा स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर)?

आधी इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये ‘शॅडो स्कॅन’ किंवा ‘ग्लोबल एमपीपीटी’ असं काही दिसतंय का बघा. (एमपीपीटी म्हणजे जास्तीत जास्त वीज मिळेल असं व्होल्टेज शोधत राहणारी इन्व्हर्टरमधली यंत्रणा.) खरेदीचं नंतर.

पुण्यात आमच्या गच्चीवर सहा पॅनेलची एकच स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेली माळ, आहे. बसवणाऱ्याने पाहणी केली मे महिन्यात, सूर्य डोक्यावर असताना. "सावलीचा प्रश्नच नाही, मॅडम." डिसेंबरअखेर तोच सूर्य भर दुपारीही जेमतेम ४८ अंश चढतो, तीननंतर टाकीची सावली दोन पॅनेलवर, आणि उत्पादन धाडकन खाली. धाकटे दीर इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांनी फर्मान काढलं, "वहिनी, सगळं काढा आणि मायक्रोइन्व्हर्टर लावा." मी पॉलिटेक्निकमध्ये पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्ट्रिंगमध्ये करंट सगळ्यांना एकच. एक तर सहाही पॅनेल सावलीतल्या दोघांच्या चालीने चालणार, नाहीतर बायपास डायोडमधून (पॅनेलला वळसा घालून करंट जाऊ देणारी वाट) त्या दोघांना वगळून उरलेली चार पूर्ण करंट देणार. पहिल्यात व्होल्टेज जास्त, पण गडद सावलीत वीज साधारण पाचवा हिस्सा. दुसऱ्यात व्होल्टेज कमी, वीज दोन तृतीयांश. म्हणून व्होल्टेजप्रमाणे विजेचा आलेख काढला तर त्याला दोन शिखरं येतात आणि साधा एमपीपीटी जवळपास चाचपडत छोट्यावरच बसून राहतो. स्कॅनमध्ये इन्व्हर्टर अधूनमधून सगळा व्होल्टेजचा पट्टा तपासून मोठं शिखर धरतो. आमच्याकडे ती सेटिंग बंदच होती. चालू केली, उत्पादन सावरलं, खर्च शून्य. भाऊजी म्हणाले, योगायोग. मी त्यांना सेटिंग बंद असतानाच्या आणि चालू केल्यानंतरच्या अशा दोन्ही दिवसांचे आलेख पाठवले; त्यावर अजून उत्तर नाही.

ऑप्टिमायझर सावलीतून ऊन काढत नाही. झाकलेल्या पॅनेलची जी थोडी वीज वाया जाते, तेवढीच तो वाचवतो. काही कंपन्यांचे ऑप्टिमायझर फक्त सावलीतल्या पॅनेलना लावता येतात. सोलरएजच्या पद्धतीत मात्र प्रत्येक पॅनेलला लावावे लागतात आणि इन्व्हर्टरही त्यांचाच लागतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

हां, पॅनेल वगळल्यावर स्ट्रिंगचं व्होल्टेज इन्व्हर्टरच्या एमपीपीटी पट्ट्याखाली जात असेल, तर स्कॅन काही कामाचं नाही. शिवाय तुमची सावली झावळ्यांची, म्हणजे सरकती आणि एकाच वेळी बऱ्याच पॅनेलना कमीजास्त लागणारी. तिथे ऑप्टिमायझरला खरंच काम आहे. छपराच्या दोन उतारांवर पॅनेल विभागली असतील, तर मायक्रोइन्व्हर्टरलाही माझी हरकत नाही. भाऊजींची गच्ची सपाट आहे, आसपास एक झाड नाही, आणि त्यांनी सगळीकडे मायक्रोइन्व्हर्टरच लावलेत.