अमेरिकेत सॅल्व्हेज टायटलची (मोठ्या नुकसानीमुळे विमा कंपनीने निकालात काढल्याची कागदोपत्री नोंद असलेली) टोयोटा हायलँडर घेऊन दुरुस्त करणं परवडतं का?

परवडतं, पण एअरबॅग न उघडलेली, फक्त बंपर-फेंडर-दिवे गेलेली गाडी मिळाली तरच. एअरबॅग उघडल्या की सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे भाग), एसआरएस मॉड्यूल (एअरबॅग नियंत्रित करणारा संगणक), अनेकदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. तिथेच नफा संपला.

पुरात बुडालेली गाडी फुकट मिळाली तरी नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा: चिखलाची रेघ दिसली की परत फिरा. कार्पेटखालच्या कनेक्टरना हिरवट गंज चढतो आणि बिघाड काही महिन्यांनी डोकं वर काढतात.

विंडशील्ड किंवा पुढची ग्रिल बदलली तर कॅमेरा-रडारच्या कॅलिब्रेशनचा (अचूक जुळणीचा) खर्चही धरा. जुन्या पार्टच्या बिलावर, तो ज्या गाडीतून काढला तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) हवाच. रिबिल्ट टायटलच्या (दुरुस्तीनंतर मिळणाऱ्या नव्या टायटलच्या) तपासणीत बरीच राज्यं तो मागतात. लिलावात बोली लावण्याआधी विमा कंपनीला विचारा, कारण काही कंपन्या अशा गाडीला फक्त लायबिलिटी विमा (आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) देतात.