गंगापूर धरण भरतं, तरी नाशिक जिल्ह्यात दर उन्हाळ्यात टँकर का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईहून नाशिकला कायमचं राहायला यायचं मनात आहे, गंगापूर धरण बहुतेक वर्षी भरतं असं ऐकलंय, मग दर उन्हाळ्यात जिल्ह्यात टँकर का फिरतात, आणि इथलं पाणी संपत चाललंय का? माझं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात. घरची शेती कांद्याची, थोडं डाळिंब. नोकरीमुळे राहतो नाशिक शहरात. त्यामुळे नळाचं पाणी आणि विहिरीचं पाणी, दोन्हींशी रोजचा संबंध आहे.

शहरातल्या नळाची मला लगेच काळजी वाटत नाही. जिल्ह्यात जे खरोखर कमी होत चाललंय ते जमिनीखालचं पाणी. धरणाची टक्केवारी रोज पेपरात येते, विहिरीची कुठेच येत नाही, म्हणून हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. गावात मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं.

आधी पावसाचं बघा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीची धार ओलांडून पूर्वेला आलात की तो झपाट्याने उतरतो. नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नरचा पूर्व भाग, येवला, नांदगाव इकडे साधारण पाचशे. एकाच जिल्ह्यात भाताची खाचरं आणि बाजरीचं रान, दोन्ही. मनमाडला नळाला वर्षानुवर्षं पाणी कित्येक दिवसांनी एकदा यायचं, हे तिथल्या पिढ्यान् पिढ्यांना सवयीचं झालं होतं. पाहुण्यांकडे राहायला गेलं तर अंघोळीच्या आधी टाकीत पाणी किती आहे ते विचारायचं, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं.

पण पाऊस कमी म्हणून टंचाई, एवढंच कारण असतं तर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत टँकर लागलेच नसते. तिथे पाऊस धो धो पडतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून पाड्यांवरच्या बायका हंडा घेऊन दरीत उतरतात. उतार तीव्र आहे, मातीचा थर पातळ आहे, खाली सलग कातळ आहे. पडलेलं पाणी मुरायला थांबतच नाही. नार, पार, दमणगंगेतून ते पश्चिमेला समुद्राकडे जातं. अप्पर वैतरणा धरण इगतपुरी तालुक्यातलं, त्याचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. म्हणजे आज मुंबईत तुम्ही जे पिता त्यात थोडा आमचा जिल्हाही आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्यावर तास नदीच्या घळीवर लाकडाची बल्ली टाकून बायका डोक्यावर हंडे घेऊन पलीकडे जायच्या. २०२२ साली त्याची छायाचित्रं राज्यभर गाजली, तिथे लोखंडी पूल झाला, आणि त्याच पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला. पूल वाहून नेईल एवढं पाणी जिथे येतं, तिथेच पाण्यासाठी पायपीट. आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा अन्याय मला तो वाटतो. त्यावर खर्च मोठा लागत नाही. पाड्याच्या वर, डोंगराच्या अंगाला छोटे साठे हवेत, झरे जपायला हवेत. पण छोट्या कामाचं उद्घाटन करायला कोणी उत्सुक नसतं.

आता धरणं. गंगापूर भरलं म्हणजे ते पाणी नाशिककरांचं झालं, असं नाही. शहराच्या पिण्यासाठी, औद्योगिक वसाहतींसाठी, कालव्याच्या आवर्तनासाठी, प्रत्येकाचं आरक्षण आधीच ठरलेलं असतं. त्यातच धरण बांधलं तेव्हा त्याची क्षमता ७.२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास होती, गाळ साठून आज हिशेब ५.६ टीएमसीचा केला जातो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, यावरून किती पाण्याची जागा गाळाने खाल्ली ते काढता येईल. शहराला आता मुकणे आणि दारणा या धरणांचाही आधार आहे. पण २०१६च्या एप्रिलमध्ये गोदावरीवरचं रामकुंड कोरडं पडलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे सिंहस्थाचं शाहीस्नान झालं होतं.

आणि याच गोदावरीवर खाली, मराठवाड्यात पैठणला जायकवाडी धरण आहे. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४चा आदेश आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं हे तत्त्व मान्य केलं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा आमच्याकडे मोर्चे, आंदोलनं सगळं झालं. माझं मत इथे बऱ्याच जणांना आवडत नाही, पण मला मराठवाड्याचा हक्क पटतो. नदीच्या खालच्या गावाला तहान लागतच नाही असं धरून आपण वर धरणं बांधत गेलो. फक्त ते सोडलेलं पाणी मधल्या कोरड्या पात्रात किती मुरतं, वाटेत किती मोटारी लागतात, याकडे सरकारने नीट पाहावं, ही मागणी रास्त आहे.

या धरणांच्या भांडणात सगळ्यांची ताकद जाते. दरम्यान खाली जे घडतंय ते पाहा.

आमच्याकडे काळा पाषाण आहे. वाळूच्या मैदानी प्रदेशासारखं इथे जमिनीत भरपूर पाणी मावत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि कातळाच्या भेगांत. शंभर घनफूट खडकातून जेमतेम एक ते तीन घनफूट पाणी हाती लागतं. म्हणून आजोबांच्या काळची विहीर चाळीस-पन्नास फुटांची असायची. तेवढ्या खोलीवर मुरूम संपून घट्ट कातळ लागतो, आणि दर पावसाळ्यात जे मुरतं तेही मुख्यतः तेवढ्याच थरात. मोटेने उपसा करायचे तेव्हा बैल दमले की उपसा थांबायचा, पाण्याला सावरायला रात्र मिळायची. १९७२च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रं गावोगाव पोचली, मागून विजेच्या मोटारी आल्या. मग विहिरीच्या तळाला आडवे बोअर, मग उभे बोअर दोनशे फूट, पाचशे फूट. आता आमच्या शिवारात आठशे फुटांचं बोअरही कोरडं गेल्याचं ऐकायला मिळतं. इतक्या खोल भेगांत असलेलं पाणी फार जुनं आणि थोडं असतं. ते उपसलं की एका पावसाळ्यात परत भरत नाही.

त्यात शेजाऱ्याचं बोअर खोल गेलं की आपल्या विहिरीचे झरे तिकडे ओढले जातात. मग आपणही पाणाडी (जमिनीत पाणी कुठे लागेल ते सांगणारा) बोलावतो, नारळ फोडतो, बोअरची गाडी लावतो. पाणी लागलं तर दोन-तीन वर्षं बरी जातात. नाही लागलं तर कर्ज उरतं. माझ्या चुलत्यांनी मळ्यात एकामागून एक बोअर घेतले, त्यातलं आज एक चालतं, तेही तासभर. काकू अजून म्हणतात, तेवढ्या पैशात लेकीचं लग्न थाटात झालं असतं. असं घर आमच्या गावात एकच नाही.

पिकांचं गणितही समजून घ्या. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात, त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी हवं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांची खरड छाटणी एप्रिलमध्ये, म्हणजे विहिरींनी तळ गाठलेला असतो नेमकं तेव्हा. द्राक्षाला जवळपास सगळीकडे ठिबक आहे आणि त्याचं श्रेय शेतकऱ्याला दिलंच पाहिजे. पण ठिबकने वाचलेलं पाणी जमिनीत शिल्लक राहिलं असं होत नाही. त्या पाण्यावर आणखी एकरभर बाग उभी राहते.

शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं हा मूळ हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात प्लास्टिकचा कागद अंथरलेली कितीतरी तळी विहीर-बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली झाकलेलं, सगळ्या शिवाराचं पाणी वर काढून एकाच्या कुंपणात उघड्यावर ठेवायचं. आमच्या उन्हात दिवसाला आठ मिलिमीटरच्या पुढे पाणी उडतं. फेब्रुवारी ते मे धरलात तर कमरेएवढ्या पाण्याची वाफ होते. तरी मी तळं करणाऱ्याला दोष देणार नाही. एप्रिलमध्ये बाग जळताना पाहिलेला माणूस दुसरं काय करेल? दोष योजना आखणाऱ्यांचा. तळं कोणत्या पाण्याने भरणार, हे अनुदान देताना विचारायला हवं होतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे. शेतकऱ्याला दिलासा हवाच होता, पण उपशावर जो थोडाफार लगाम बिलामुळे होता, तोही गेला.

कायदा आहे. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला, त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. आमच्या गावात बोअरची गाडी आली की ती किती खोल जाणार हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं. अडवायला कोणी येत नाही.

मग काहीच होत नाही का? होतं, आणि ते याच जिल्ह्यात झालंय. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ओझरचे शेतकरी. लाभक्षेत्रात नाव होतं, पण पाणी पोचत नव्हतं. वरचे लोक पाटात डोंगळे (पाणी ओढायचे पाइप) टाकून ओढून घेत. १९९०च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात तीन संस्थांची, पुढे पूर्ण धरणावर २४ झाल्या आणि त्यांच्या महासंघाने सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन हाती घेतलं. पाणी मोजून घ्यायचं, घनमीटरवर पट्टी भरायची, टेलच्या माणसाला त्याचं पाणी आधी पोचवायचं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे त्यांनी कालव्याचं आणि विहिरीचं पाणी एकाच हिशेबात धरलं. ओढ्यावर बंधारे दुरुस्त केले, त्यात पाणी सोडलं, विहिरी भरून घेतल्या. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली आणि पावसावरून दर वर्षी पिकं ठरवली. बागलाणात मोसम नदीवर जुने फड बंधारे आहेत (बंधाऱ्याच्या पाण्यावर एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट म्हणजे फड), तिथेही कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायची रीत शेकडो वर्षं चालत आली. म्हणजे मोजणं आणि मिळून ठरवणं आपल्याला नवं नाही. आमच्या गावात यासाठी दोन ग्रामसभा झाल्या, ठराव झाला नाही. मी पुन्हा मांडणार आहे.

तुमच्या घराबद्दल. शहरात घेत असाल तर महापालिकेची नळजोडणी प्रत्यक्ष सुरू आहे का ते बघा, 'लवकरच मिळेल' यावर जाऊ नका. नव्या वाढलेल्या भागांत कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा, बोअर किती फूट आहे आणि उन्हाळ्यात किती वेळ चालतं ते विचारा. शक्य असेल तर घर मे महिन्यातच बघायला या. आणि गच्चीचं पाणी बोअरभोवती मुरवायची सोय नसेल तर राहायला आल्यावर सभेत तो विषय तुम्हीच काढा. १०० चौरस मीटर गच्चीवर नाशिकच्या सरासरी पावसात सत्तर हजार लिटर पाणी पडतं, वाया जाणारं सोडून पन्नास हजार तरी हाती येतं. पावसाळ्याआधी गच्ची झाडून घ्यायची, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, पुढचं खडी-वाळूच्या गाळणीतून खड्ड्यात. ड्रेनेजची लाइन त्या खड्ड्यापासून लांब असू द्या, एवढं प्लंबरला बजावून सांगा.