नोकरी सांभाळून पहिली पॉवरलिफ्टिंग स्पर्धा: वजन उतरवावं का?

वजन ७६ किलो, स्पर्धा आठ आठवड्यांवर, तर ७४ किलोपर्यंतच्या गटासाठी जेवण कमी करू का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या स्पर्धेला अजिबात नको, ८३ च्या गटात उतरा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत स्पर्धकांचं वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं. वजन उतरवायला पाणी पिणं तोडून आलेला अशक्तपणा तेवढ्यात भरून निघत नाही आणि पहिल्याच प्रकाराला, म्हणजे स्क्वॉटला (खांद्यावर वजन घेऊन बसून उठणं), पाय थरथरतात.

ऑफिस करून आठवड्याला तीन-चार दिवस सराव पुरतो. प्रथिनं रोज १२० ते १५० ग्रॅम हवीत. पोळी-भाजी-वरणाच्या डब्यात ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून घातले की २५ ग्रॅम तिथेच मिळतात. शेवटचं जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) साधारण दहा दिवस आधी उरका.

पहिला प्रयत्न सरावात सलग तीनदा निघणाऱ्या वजनाचाच घ्या. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट यांपैकी एका प्रकारात तिन्ही प्रयत्न फसले तर तिन्ही प्रकारांचं मिळून एकूण वजन धरलं जात नाही. बेंचला (आडवं पडून छातीवरून वजन ढकलताना) पंचांच्या ‘स्टार्ट’, ‘प्रेस’, ‘रॅक’ या आज्ञा ऐकूनच हालचाल करा. ताकद असूनही नवखे घाईमुळे इथेच लाल दिवे (पंचांनी प्रयत्न बाद ठरवल्याची खूण) घेतात, म्हणून सरावातही जोडीदाराला या आज्ञा द्यायला सांगा.