एक्सरे नॉर्मल आहे, मग सीटी कशाला?

या वेळी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि फंगल इन्फेक्शन (बुरशी) यावर इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. नावं छापत नाहीये, आपला प्रश्न कुठला ते ज्याचं त्याला कळेलच.

प्रश्न: बाबांना एएमएल (ल्युकेमियाचा एक प्रकार) आहे. पहिली केमो झाली, पांढऱ्या पेशींचे काउंट खाली गेलेत आणि डॉक्टरांनी बुरशीवरचं पोसाकोनाझोल चालू केलंय. पण बाबांना बुरशी झालेलीच नाही. आधीच मूठभर गोळ्या आहेत, ही एक बंद केली तर चालेल का?

नाही चालणार ताई, अजिबात बंद करू नका. बुरशी झालेली नाही म्हणूनच ही गोळी आहे, ती होऊ नये म्हणून. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण हवेत कायम असतात, २ ते ३ मायक्रॉनचे, म्हणजे थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाण्याएवढे बारीक. तुम्ही मी सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा गुपचूप निकाल लावतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. एएमएलच्या पहिल्या केमोनंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली जातात आणि बरेचदा दोन-तीन आठवडे तिथेच राहतात. पहिला आठवडा मुख्य भीती बॅक्टेरियाची, पण आठ-दहा दिवस उलटले की फुफ्फुसातल्या बुरशीचा धोका चढायला लागतो.

२००७ मध्ये अशाच पेशंट्सवर एक मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली, एका गटाला पोसाकोनाझोल आणि दुसऱ्याला फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल, हीही बुरशीवरचीच औषधं. पोसाकोनाझोलच्या गटात बुरशी कमी झाली आणि मृत्यूही कमी झाले. कोणी म्हणालं की फ्लुकोनाझोल साधं आहे तेच द्या, तर ते अ‍ॅस्परजिलसवर चालतच नाही हे लक्षात ठेवा.

गोळी असेल तर नेहमीचा डोस पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, नंतर रोज एकदा ३००, जेवणाबरोबर, न चावता न कुटता. पातळ औषध असेल तर त्याचा हिशोब वेगळा, ते स्निग्ध जेवणाबरोबरच नीट शोषलं जातं आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीने त्याचा असर कमी होतो, त्यामुळे गोळीच्या जागी पातळ औषध किंवा उलट असं आपल्या मनाने करायचं नाही. उलट्या, जुलाब होत असतील किंवा बाबा दोन घासही खात नसतील तर डॉक्टरांना सांगा, रक्तातली औषधाची पातळी तपासता येते.

आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. बाबांना वेनेटोक्लॅक्स चालू असेल तर पोसाकोनाझोलमुळे त्याचा डोस डॉक्टरांनी खूप कमी करून दिलेला असतो, कारण ही गोळी ते औषध शरीरात साठवून ठेवते. तुम्ही पोसाकोनाझोल गुपचूप थांबवलं तर बुरशीचं कवच तर जाईलच, वर कॅन्सरचं औषधही अपुरं पडेल. म्हणून सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक व्हिजिटला टेबलावर ओता, हृदयाच्या, झोपेच्या, काढे आणि पावडरीसुद्धा.

प्रश्न: मुलगी ७ वर्षांची आहे, एएलएल (ल्युकेमियाचा दुसरा प्रकार), केमो चालू आहे. जिभेवर पांढरं दिसतंय. घरात इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल शिल्लक आहेत, अर्धी दिली तर?

देऊ नका. हे उत्तर मी सगळ्यात आधी लिहिलंय. एएलएलच्या केमोत व्हिन्क्रिस्टीन असतं आणि इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही औषधं लिव्हरमधला ते मोडण्याचा रस्ताच अडवतात, मग व्हिन्क्रिस्टीन शरीरात साठून मज्जातंतूंवर उतरतं. जबडा दुखतो, शौचाला होत नाही, पोट फुगून टणक होतं, पाऊल उचलत नाही, झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणूनच एएलएलमध्ये बुरशीपासून संरक्षण हवं असेल तेव्हा डॉक्टर बरेचदा सलाईनमधून मायकाफंजिन किंवा कॅस्पोफंजिन ही वेगळ्या गटातली बुरशीची औषधं निवडतात.

आता जिभेचं. चांगल्या उजेडात टॉर्च धरून बघा, फक्त जीभ नाही, गालाच्या आतली बाजू आणि टाळूही. पांढरे ठिपके असतील आणि मऊ ओल्या गॉजने हलकेच पुसल्यावर निघून खाली लाल कातडी दिसत असेल तर बहुतेक कॅन्डिडा नावाची बुरशी. खरवडू मात्र नका, प्लेटलेट कमी असतील तर रक्त येईल. फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवा. नुसतं तोंडातच असेल तर निस्टॅटिनच्या थेंबांसारखं औषध तोंडात घोळवून बरेचदा भागतं. गिळताना दुखतं म्हणाली किंवा खाणंच सोडलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, तेव्हा थेंब पुरत नाहीत.

आणि तिला आठवड्यातून दोन-तीन दिवस कोट्रायमोक्साझोल दिलं असेल तर ते चुकवू नका. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया त्याने टळतो.

प्रश्न: भावाला एएमएल, काउंट १०० च्या खाली. सहा दिवस अँटिबायोटिक चालू आहे तरी ताप उतरत नाही. एक्सरे नॉर्मल आला. तरी डॉक्टर सीटी करा म्हणतात आणि अँफोटेरिसिन हे बुरशीचं औषध सुरू करायचं म्हणतात, त्याने थंडी वाजते असं ऐकलं. घाई नाही ना होत?

घाई होत नाहीये, वेळेवर होतंय. चार ते सात दिवस चांगलं अँटिबायोटिक देऊनही ताप राहिला आणि काउंट लवकर वर यायचं चिन्ह नाही, तर बुरशी शोधायची आणि बरेचदा रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचं, अशीच पद्धत आहे.

एक्सरेवर का विसंबायचं नाही ते सांगते. एक्सरेत जे पांढरं दिसतं, छातीत जो कफ होतो, पू होतो, तो तुमच्याच पांढऱ्या पेशींचा गर्दा असतो. पेशीच नाहीत तर गर्दा कुठून होणार, बुरशी आत पसरतेय आणि वरून सगळं शांत. माझ्याकडच्या एका पेशंटला खोकला नव्हता, दम नव्हता, फक्त खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली टोचतंय असं तो सकाळी सहज बोलता बोलता म्हणाला, संध्याकाळी सीटीत गाठ दिसली आणि भोवती धुरकट कडं, त्याला आम्ही हॅलो साइन म्हणतो. हे कडं सुरुवातीच्या काही दिवसांतच दिसतं, म्हणून सीटीला उशीर नको. जोडीला रक्तातली गॅलॅक्टोमॅनन टेस्ट (बुरशीचा अंश शोधणारी), लागलं तर दुर्बिणीने फुफ्फुसातलं पाणी काढून तीच टेस्ट. ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, अ‍ॅस्परजिलस रक्तात जवळजवळ कधी उगवतच नाही.

अँफोटेरिसिनने थंडी-ताप येतो हे खरं, पण लायपोसोमल प्रकारात हे बरंच कमी असतं. किडनी आणि पोटॅशियमवर वारंवार लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे रोज रक्त काढतात म्हणून वैतागू नका.

एका बाजूचा गाल किंवा डोळा सुजला, बधिर झाला, नाकातून काळी खपली आली, टाळूवर काळा डाग दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवा. ते म्युकर नावाच्या दुसऱ्या बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, त्यावर व्होरिकोनाझोल चालत नाही, अँफोटेरिसिन आणि ऑपरेशन दोन्ही लागतात आणि तिथे तास मोजावे लागतात.

प्रश्न: बुरशी पेशंटकडून आम्हाला लागेल का? घरी काय पथ्य?

अ‍ॅस्परजिलस आणि म्युकर माणसाकडून माणसाला लागत नाहीत, जवळ बसा, हात धरा. पथ्य धुळीचं पाळा: माती उकरणं, कुंड्या, कुजलेला पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, तोडफोड चालू असलेली जागा, हे सगळं टाळायचं, बाहेर पडावंच लागलं तर नीट बसणारा एन ९५. खाण्यात अतिरेकी बंधनांचा फायदा दिसलेला नाही, स्वच्छ, ताजं, नीट शिजवलेलं पुरे, बुरशी आलेला पदार्थ तेवढा भाग काढूनही खायचा नाही. एनिमा आणि शौचाच्या जागी ठेवायच्या गोळ्या नकोत. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर गेला की पॅरासिटामॉल देऊन बघू असं करू नका, आधी फोन.

प्रश्न: बायकोच्या फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस निघाला. व्होरिकोनाझोलचे पाच आठवडे झाले, ताप गेला. गोळी घेतली की डोळ्यांसमोर चकाकतं. आता बंद करू? आणि पुढची केमो राहिलीच का?

बंद नको. कमीत कमी ६ ते १२ आठवडे लागतात, आणि थांबवायचं ते सीटी आणि काउंट दोन्ही बघून. मध्ये एखाद्या सीटीत गाठ आधीपेक्षा मोठी दिसली तर लगेच खचू नका, पहिल्या आठवडा-दहा दिवसांत आणि काउंट वर येताना असं होतं. खोकल्यातून रक्त आलं तर मात्र थेट हॉस्पिटल.

चकाकणं या औषधाचंच आहे, डोस घेतल्यावर थोडा वेळ राहतं आणि जातं. ही गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर, उन्हात अंग झाकून, आणि रात्री गाडी चालवायची नाही. नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या, डोळे पिवळे झाले तर रक्तातली औषधाची पातळी आणि लिव्हर तपासायला सांगा, पातळी साधारण लिटरला १ ते ५.५ मिलिग्रॅममध्ये हवी.

केमो रद्द होत नाही. थोडी पुढे ढकलतात, मग बुरशीचं औषध चालू ठेवूनच देतात, ट्रान्सप्लांटही अशाच कव्हरखाली झालेले आहेत. पुढच्या अ‍ॅडमिशनला हा सीटी सीडीसकट बरोबर न्या आणि पहिल्याच दिवशी ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा की हिला आधी अ‍ॅस्परजिलस झालाय, तो डॉक्टर नवा असेल तर फाइलच्या चाळिसाव्या पानावरची नोंद त्याच्या नजरेला पडेलच असं नाही.