इंदूरात रिमोट हब लावतोयस ना, मग हे वाच

हे बघ, रिमोट हब म्हणजे आपल्याच गावात एका खोलीत जमून आयईटीएफच्या, म्हणजे इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, मीटिंगमध्ये ऑनलाइन भाग घ्यायचा. हॉल आणि प्रोजेक्टर नंतर, आधी घड्याळ. या मीटिंगा वर्षात ३ होतात आणि प्रत्येक वेळी गाव वेगळं, सॅन फ्रान्सिस्कोत जुलैत सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १०, म्हणजे पोरं सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात कचोरी खायच्या मूडमध्ये आणि तू त्यांना ड्राफ्ट, म्हणजे मानकांचे मसुदे, वाचायला बसवणार! मार्चमध्ये तर अजून घोळ, अमेरिका आणि युरोप घड्याळं वेगवेगळ्या रविवारी पुढे करतात, म्हणून वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बघ आणि साडेपाच तास मिळव, बस.

दुसरं म्हणजे आवाज. आमच्या पहिल्या हबला सहा लॅपटॉप, सहाही स्पीकर चालू, एकाने माईक उघडला नि अशी शिट्टी वाजली की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. खोलीत एकच स्पीकर, एकच माईक, बाकी सगळे म्यूट, हे दारावरच चिकटव. बोलणाऱ्याने मीटेकोच्या (मीटिंग ज्यावर ऑनलाइन चालते ते सॉफ्टवेअर) रांगेत स्वतःच्या नावाने लागायचं आणि आधी नाव सांगायचं.

रजिस्ट्रेशन मात्र प्रत्येकाचं वेगळं, एका लॉगिनवर दहा जण बसवू नकोस, हजेरी नोंदली जाते आणि पेटंटबद्दलचे नियम ज्याला-त्याला लागू होतात. रिमोटवाल्यांना फी माफीची सोय आहे, लाजू नका, मागा.

इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं डोंगल तर हवंच. आणि मीटिंगचे पाचही दिवस नको रे, दोन वर्किंग ग्रुप (एकेका विषयावर काम करणारे गट) निवड, आदल्या रविवारी पोहे-जिलबी ठेवून त्यांचे ड्राफ्ट मराठीत समजावून दे, नाहीतर सगळे नुसते स्लाइड बघत जांभया देतात.