जुन्या बुलेटचं ऑइल गळतंय? आधी धुऊन बघ

भावा, इंजिन खोलायची घाई नको. तेल सुटतं एकीकडं, ठिपका पडतो भलतीकडं. चालत्या गाडीत वारा ते मागं ढकलतो. थंड इंजिन डिझेल-ब्रशनं धू, चादर कारखान्यातल्या चिंध्यांनी खडखडीत कोरडं कर (सोलापुरात चिंध्यांना काय तोटा!), वर टाल्कम पावडर भुरभुर. होटगी रोडला चक्कर मारून ये. पावडरीतला सगळ्यात वरचा ओला डाग, तिथंच दुखणं.

- ऑइल जास्त भरलंय? ब्रीदर पाइप (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय? कधीकधी फुकटात भागतं.
- ड्रेन बोल्टचा (खालून ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशर बदल, पण बोल्ट करकचून आवळू नकोस. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की खर्च वाढलाच.
- गळतीवर सिलिकॉनची पेस्ट थापू नकोस; सुटलेला तुकडा आत ऑइलची वाट अडवतो.

मागच्या टायरवर तेल येत असेल तर गाडी अजिबात काढू नकोस. डागाचा फोटो पाठव, गॅस्केटचं (इंजिनाच्या जोडांमधल्या पातळ पॅकिंगचं) मग बघू.